दुहेरीच्या देशातील एकेरी : बांग सू-ह्यूनची कारकीर्द आणि तिचा वारसा

ऑलिंपिकमधील बॅडमिंटनच्या इतिहासात दक्षिण कोरियाच्या नावावर १९९२ ते २०२४ या काळातील सात सुवर्णपदके आहेत. त्यांपैकी पाच दुहेरीची, म्हणजे पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी या तीन प्रकारांतील असून उरलेली दोनच एकेरीची आहेत, आणि ती दोन्ही महिलांनी मिळवलेली आहेत. पहिले १९९६ मध्ये अटलांटा येथे बांग सू-ह्यून हिने मिळवले आणि दुसरे २०२४ मध्ये पॅरिस येथे आन से-यंग हिने. (कोरियन नावात आडनाव आधी येते, त्यामुळे बांग आणि आन ही आडनावे होत.) या दोन पदकांमध्ये अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे, आणि एवढ्या काळात कोरियाच्या एकाही महिलेला ऑलिंपिकच्या एकेरीत कांस्यपदकही मिळाले नाही. जो देश दुहेरीतील जोड्या जवळजवळ नियमाने घडवतो, त्याला एकेरीची खेळाडू मात्र क्वचितच का लाभते, या प्रश्नाचा माग बांगच्या कारकिर्दीतून जितका स्पष्ट लागतो तितका दुसऱ्या कोणाच्या कारकिर्दीतून लागत नाही.

इंग्रज अधिकाऱ्यांनी पुण्याच्या छावणीत खेळलेला आणि काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखला गेलेला हा खेळ कोरियात बऱ्याच उशिरा रुजला. तेथील राष्ट्रीय संघटना १९५७ साली स्थापन झाली आणि १९६२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. पुढे या खेळाचे दोन वेगवेगळे प्रवाह झाले. एक प्रवाह हौशी लोकांचा होता: डोंगरउतारावरच्या पिण्याच्या पाण्याच्या झऱ्यांपाशी, ज्यांना कोरियन भाषेत ‘याक्सुतो’ म्हणतात, पहाटे फिरायला येणारी मध्यमवयीन माणसे मोकळ्या जागेत जाळे बांधून चौघे-चौघे मिळून खेळत, आणि या हौशी खेळाचा रोखही अर्थातच दुहेरीकडेच होता. दुसरा प्रवाह निवडक खेळाडूंचा होता. शाळेच्या संघातून विद्यापीठाच्या किंवा एखाद्या कंपनीच्या संघात, आणि तेथून १९६६ साली सोलच्या सीमेवर उभारलेल्या थेरुंग येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात, असा त्यांचा मार्ग ठरलेला असे. या केंद्रात निवडलेले खेळाडू वर्षातील बराच काळ एकत्र राहत, एकाच घंटेला उठत आणि एकाच वेळापत्रकाने सराव करत. एकाच प्रकारच्या शिस्तीत वाढलेल्या दोन खेळाडूंची जोडी जमवणे अशा व्यवस्थेत तुलनेने सोपे जाते. एकट्याने खेळणाऱ्याच्या स्वभावाला मात्र तेथे फारशी मुभा नसते.

कोरियाचे पहिले मोठे यश असे असूनही एकेरीतच मिळाले, ही गोष्ट सहसा विसरली जाते. १९८१ साली लंडनमधील वेम्बली येथे झालेल्या ऑल इंग्लंड स्पर्धेत ह्वांग सुन-ए या तरुण मुलीने डेन्मार्कच्या लेने कोपेनला अंतिम सामन्यात ११–१, ११–२ असे हरवले. कोपेन ही १९७७ ची जगज्जेती आणि लागोपाठ दोन वर्षे ऑल इंग्लंड जिंकलेली खेळाडू होती. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ मध्ये सुरू होईपर्यंत ऑल इंग्लंडच्या विजेत्यालाच जग अनौपचारिकपणे जगज्जेता मानत असे, आणि तिचा तो मान १९८१ मध्येही टिकून होता. भारतीय वाचकांना ते वर्ष वेगळ्या कारणाने आठवेल, कारण त्याच स्पर्धेत गतविजेता प्रकाश पदुकोण अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगकडून हरला. ह्वांगच्या यशाला मात्र एक मर्यादा होती. तोवर चीन आंतरराष्ट्रीय महासंघाबाहेर होता. तो १९८१ मध्येच सदस्य झाला, पुढच्या वर्षी त्याच्या खेळाडू ऑल इंग्लंडला आल्या, आणि आल्या त्याच वर्षी झांग आयलिंगने महिला एकेरी जिंकली. कोरियाला जे दार किलकिले झालेले दिसले होते, ते वर्षभरात अवजड झाले. १९८६ मध्ये किम युन-जाने चीनच्या चियान पिंगला हरवून ते पुन्हा एकदा उघडले खरे, परंतु त्या दशकात महिला एकेरीवर सत्ता होती ती चीनचीच.

चीनशी एकेरीत बरोबरी करणे अवघड आहे हे ओळखून कोरियाने आपली शक्ती दुहेरीत लावली, असा निष्कर्ष त्या काळातील घडामोडींवरून काढता येतो, आणि त्यामागे साधा हिशेबही होता. ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धेतील पाच प्रकारांपैकी तीन दुहेरीचे असतात. शिवाय १९८६ च्या आशियाई आणि १९८८ च्या ऑलिंपिक स्पर्धा सोलमध्येच भरणार असल्याने पदके लवकर हवी होती. ह्वांग ह्ये-यंग हिचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सोल ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनला अधिकृत पदकाचा दर्जा नव्हता, ते केवळ प्रदर्शनीय सामन्यांच्या स्वरूपात खेळवले गेले, आणि त्यात महिला एकेरी याच ह्वांग ह्ये-यंगने जिंकली. चार वर्षांनी बार्सेलोनात जेव्हा खरी पदके दिली गेली, तेव्हा तिने सुवर्ण मिळवले ते दुहेरीत, चुंग सो-यंगच्या जोडीने. घरच्या मैदानावर एकेरीत पहिली आलेली खेळाडू पुढच्या ऑलिंपिकला दुहेरीत उतरावी, यावरून त्या व्यवस्थेचा कल पुरेसा कळतो.

या धोरणाचा लाभ आणि तोटा सांघिक स्पर्धांत शेजारी-शेजारी दिसतात. इंडोनेशियाच्या संघटनेचे संस्थापक डिक सुदीरमान यांच्या नावाने १९८९ मध्ये सुरू झालेल्या सुदीरमान चषकात स्त्री-पुरुष एकत्र खेळतात आणि पाच सामन्यांपैकी तीन दुहेरीचे असतात. हा चषक कोरियाने १९९१ मध्ये कोपनहेगनला आणि १९९३ मध्ये बर्मिंगहॅमला जिंकला. इंग्लंडची खेळाडू बेटी उबर हिच्या नावाचा उबर चषक केवळ महिलांचा असून त्यात तीन सामने एकेरीचे आणि दोन दुहेरीचे असतात. या चषकाच्या अंतिम फेरीत कोरिया १९८८, १९९० आणि १९९२ अशी तीनदा पोहोचला आणि तिन्ही वेळा चीनकडून हरला, त्यांपैकी शेवटच्या दोनदा २–३ अशा फरकाने. दुहेरीचे दोन्ही सामने हक्काचे धरले तरी तिसरा विजय एकेरीतूनच आणावा लागतो, हे या स्पर्धेचे गणित कोरियाला दरवेळी आडवे आले.

पहिल्या सुदीरमान चषकाच्या, म्हणजे १९८९ च्या जकार्तातील अंतिम लढतीकडे या दृष्टीने थोडे थांबून पाहायला हवे. कोरियाने दुहेरीचे दोन सामने जिंकून इंडोनेशियावर २–० अशी आघाडी घेतली होती आणि तिसऱ्या सामन्यात, महिला एकेरीत, कोरियाची ली यंग-सुक पहिला गेम १२–१० असा जिंकून दुसऱ्यात १०–७ अशी पुढे होती. चषक एका गुणावर आला होता. समोर अठरा वर्षांची सुसी सुसांती होती. तिने तो गेम १२–१० असा ओढून घेतला आणि तिसऱ्या गेममध्ये लीला एकही गुण मिळू दिला नाही. त्यानंतरचे दोन्ही सामनेही इंडोनेशियाने जिंकले. कोरियाच्या दुहेरीच्या बळावर एकेरीतून मात करता येते, हे त्या दिवशी सुसांतीने दाखवले, आणि पुढची सात वर्षे कोरियन एकेरीच्या वाटेवर तीच उभी राहिली.

बांग सू-ह्यूनचा जन्म १३ सप्टेंबर १९७२ रोजी सोलमध्ये झाला. तिचे वडील बांग इल-सू हे कोरियातील नावाजलेले विनोदी कलावंत होते, त्यामुळे तिच्या उमेदवारीच्या काळात वृत्तपत्रांत तिची ओळख बरेचदा ‘विनोदी नटाची मुलगी’ अशीच करून दिली जाई. ती उंच होती आणि तिचा खेळ आक्रमक होता. मागच्या रेषेजवळून मारलेले तिचे स्मॅश, म्हणजे वरून खाली जोराने हाणलेले फटके, आणि त्याच हालचालीतून अचानक जाळ्याजवळ सोडलेले फूल (शटल), ही तिची मुख्य अस्त्रे होती. सुसांती याच्या नेमकी उलट होती. बांध्याने लहानखुरी, पायांनी अतिशय चपळ आणि पाय फाकून जवळजवळ जमिनीला टेकत कोपऱ्यातले फूल उचलणारी ही खेळाडू प्रतिस्पर्ध्याला एकाच गुणासाठी पुन्हा पुन्हा मारायला लावी आणि त्याचा दम संपण्याची वाट पाही.

या दोन शैलींपैकी कोणती अधिक फळेल हे त्या काळच्या गुणपद्धतीवर बरेच अवलंबून होते, म्हणून ती पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. २००६ पर्यंत बॅडमिंटनमध्ये गुण मिळे तो फक्त सर्व्हिस करणाऱ्याला. सर्व्हिस घेणाऱ्याने रॅली जिंकली, तर त्याला गुण मिळत नसे, केवळ सर्व्हिसचा हक्क त्याच्याकडे जाई. महिला एकेरीचा गेम ११ गुणांचा असे, आणि ९–९ किंवा १०–१० अशी बरोबरी झाली तर तो आणखी तीन किंवा दोन गुणांनी वाढवता येई, म्हणूनच जुन्या निकालांत १२–१० किंवा १२–९ असे आकडे आढळतात. या पद्धतीत दहा-दहा मिनिटे खेळ चालूनही फलक न हलण्याचे प्रसंग येत, आणि त्यामुळे गेमचा आकडा लहान असला तरी त्यामागचे श्रम लहान नसत. बचाव करणाऱ्या, न दमणाऱ्या खेळाडूला ही पद्धत अनुकूल होती, कारण प्रत्येक चुकलेला फटका प्रतिस्पर्ध्याला गुण देत नसे. जोरदार फटक्यांवर भिस्त ठेवणाऱ्या खेळाडूचा मात्र तिसऱ्या गेमपर्यंत दम निघून जाई.

बांगच्या पहिल्या चार मोठ्या अंतिम सामन्यांचे निकाल एकाखाली एक ठेवले तर हीच गोष्ट अगदी उघड दिसते. १९९२ च्या ऑल इंग्लंडमध्ये चीनच्या तांग जिउहोंगविरुद्ध तिने पहिला गेम १२–९ असा जिंकला, दुसरा १०–१२ असा थोडक्यात गमावला आणि तिसऱ्यात तिला एकच गुण मिळाला. त्याच वर्षी बार्सेलोनात, बॅडमिंटन प्रथमच अधिकृत पदकांचा खेळ झाला त्या ऑलिंपिकमध्ये, चीनच्या दोन्ही खेळाडू उपान्त्य फेरीत बाद झाल्या आणि अंतिम सामना बांग आणि सुसांती यांच्यात रंगला. बांगने पहिला गेम ११–५ असा सहज घेतला, मग ५–११ आणि ३–११ असे दोन गमावले, आणि इंडोनेशियाला त्याच्या इतिहासातील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले. १९९३ च्या ऑल इंग्लंडमध्ये पुन्हा सुसांती, पुन्हा पहिला गेम ११–४ असा बांगचा, आणि मग ४–११, १–११. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या जागतिक स्पर्धेत पहिला गेम ११–७ असा तिचाच, दुसऱ्यात ९–११ अशी झुंज, तिसऱ्यात ३–११. चार अंतिम सामने, चारही वेळा पहिला गेम बांगचा, आणि चारही वेळा तिसरा गेम एकतर्फी हरलेला; या चार निर्णायक गेममध्ये मिळून तिला अवघे आठ गुण मिळाले होते. शेवटच्या पराभवाची खंत आणखी एका कारणाने ठळक दिसते. त्याच शहरात, त्याच दिवसांत, कोरियाच्या संघाने इंडोनेशियालाच हरवून सुदीरमान चषक उचलला होता.

ही दोन वर्षे बांगच्या चरित्रात अपयशाची म्हणून नोंदवली जातात, परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल अधिक आहे. एका बाजूला चीनची पिढी बदलत होती, दुसऱ्या बाजूला सुसांती शिखरावर होती, आणि त्या दोहोंच्या मध्ये सलग अंतिम फेरी गाठणारी कोरियाची एकच खेळाडू होती. तिच्यात कमी होते ते तंत्र नव्हते, शेवटच्या अर्ध्या तासाचा दम होता, असे या आकड्यांवरून म्हणता येते. १९९४ मध्ये हिरोशिमा येथील आशियाई स्पर्धेत तिने जपानच्या हिसाको मिझुइला हरवून एकेरीचे सुवर्णपदक मिळवले आणि महिलांच्या सांघिक स्पर्धेतही कोरिया अव्वल ठरला. या दोन्ही यशांची एकत्र पुनरावृत्ती व्हायला पुढे एकोणतीस वर्षे लागणार होती.

१९९६ हे वर्ष सुरू झाले तेव्हा सुसांतीच्या जोडीला चीनची ये झाओयिंग ही नवी जगज्जेती उभी होती. मार्चमधील ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात बांगने या जगज्जेतीला ११–१, ११–१ असे हरवले. दोन जागतिक दर्जाच्या खेळाडूंमधील अंतिम सामन्यात असा निकाल विरळाच, आणि जुन्या गुणपद्धतीत तर त्याचा अर्थ असा होतो की ये हिला सर्व्हिस मिळूनही तिचा गुणांत उपयोग करून घेता आला नाही. तिसरा गेम जड जातो, या अडचणीवर बांगने शोधलेला उपाय असा सरळ होता: सामना तिसऱ्या गेमपर्यंत जाऊच द्यायचा नाही.

अटलांटा ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचे सामने जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या व्यायामशाळेत झाले. उपान्त्य फेरीत बांगसमोर गतविजेती सुसांती आली, आणि चार वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याचा हिशेब पुन्हा मांडला गेला. या वेळी पहिला गेम ११–९ असा अटीतटीचा झाला, परंतु तो जिंकल्यानंतर पूर्वीप्रमाणे दुसऱ्या गेममध्ये घसरण झाली नाही. तोही ११–८ असा बांगनेच घेतला. ९ आणि ८ हे आकडे सांगतात की सुसांती सहज हरली नव्हती, आणि बांगची खरी परीक्षा त्या दिवशीच संपली होती. अंतिम सामना तुलनेने सुकर ठरला. समोर मिया औडिना होती, वय वर्षे सोळा. हीच मुलगी चौदाव्या वर्षी, १९९४ च्या उबर चषकात, चीनच्या झांग निंगला हरवून इंडोनेशियाला चषक मिळवून देणारी. बांगने तिला ११–६, ११–७ असे हरवले. (झांग आणि औडिना या दोघींची गाठ पुढे २००४ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात पडली, तेव्हा औडिना नेदरलँड्सकडून खेळत होती आणि सुवर्ण झांगला मिळाले, एकेका पिढीचे हिशेब या खेळात असे दहा-दहा वर्षांनी चुकते होतात.) त्या ऑलिंपिकमध्ये कोरियाची किम जी-ह्यूनही उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचली होती आणि कांस्यपदकाच्या सामन्यात सुसांतीकडून हरून चौथी आली. म्हणजे जगातील पहिल्या चार महिलांत दोन कोरियन होत्या, आणि असे चित्र पुन्हा कधी दिसेल असे त्या वेळी कोणाला वाटले असेल, तर तो अंदाज चुकणार होता.

चोविसाव्या वर्षी, शिखरावर असतानाच, बांग निवृत्त झाली, विवाहानंतर अमेरिकेत स्थायिक झाली आणि पुढे कोरियन दूरचित्रवाणीवर समालोचक म्हणून परतली. तिच्या जाण्याने पडलेली पोकळी भरून निघाली नाही, याचे एक कारण चीनच्या पुनरुत्थानात आहे: सिडनीपासून लंडनपर्यंतच्या चार ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीचे सुवर्णपदक चीनबाहेर गेले नाही. तथापि सगळे खापर चीनवर फोडता येत नाही, कारण बांगच्या निवृत्तीनंतरच्या काळात इंडोनेशिया, भारत, स्पेन आणि जपान या देशांच्या महिलांनी एकेरीत ऑलिंपिक पदके मिळवली. कोरियाची दुहेरी मात्र अखंड चालू राहिली. २००४ मध्ये पुरुष दुहेरीत आणि २००८ मध्ये मिश्र दुहेरीत त्याला सुवर्ण मिळाले. जेथे यश आहे तेथे प्रशिक्षक, वेळ आणि पैसा जातो आणि जेथे तो जातो तेथे पुन्हा यश येते, हे चक्र बाहेरून कोणी थांबवल्याशिवाय थांबत नाही. दुहेरीच्या या वैभवाला २०१२ मध्ये लंडनला काळिमाही लागला, जेव्हा पुढच्या फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरण्याच्या आरोपावरून महिला दुहेरीच्या चार जोड्यांना स्पर्धेतून काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी दोन कोरियाच्या होत्या.

मधल्या काळातील एकेरीचा धागा जिने तुटू दिला नाही, ती संग जी-ह्यून होय. १९८६ ची ऑल इंग्लंड विजेती किम युन-जा ही तिची आई. संगने २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, परंतु ती अव्वल दर्जाच्या अगदी उंबरठ्यावर थांबली. तिचे खरे योगदान कदाचित निवृत्तीनंतरचे म्हणावे लागेल, कारण पुढे राष्ट्रीय संघाची प्रशिक्षक म्हणून ती आन से-यंगच्या पाठीशी उभी राहिली.

आन हिचा जन्म ५ फेब्रुवारी २००२ रोजी झाला आणि ती देशाच्या नैर्ऋत्येकडील दक्षिण जोल्ला प्रांत व ग्वांगजू शहराच्या परिसरात वाढली. वयाच्या पंधराव्या वर्षी, शाळेत असतानाच, तिने निवड स्पर्धेत मोठ्या खेळाडूंना हरवून राष्ट्रीय संघात जागा मिळवली; त्या वयाच्या शाळकरी मुलीने निवड चाचणीतून संघात येण्याची ही तेथील पहिलीच वेळ मानली जाते. २०१९ मध्ये तिने पॅरिसमधील फ्रेंच ओपनमध्ये स्पेनच्या कॅरोलिना मारिनला हरवले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. बांगच्या वाटेवर जशी सुसांती, तशी आनच्या वाटेवर चीनची चेन युफेई होती: २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पहिल्याच फेरीत आणि टोकियो ऑलिंपिकच्या उपान्त्यपूर्व फेरीत चेनने तिला बाहेर काढले. त्याच २०२१ वर्षाच्या अखेरीस बालीमध्ये सलग तीन स्पर्धा झाल्या आणि तिन्ही आनने जिंकल्या. त्यांपैकी वर्षअखेरच्या अंतिम स्पर्धेत तिने भारताच्या पी. व्ही. सिंधूला २१–१६, २१–१२ असे हरवले. तोवर गुणपद्धती बदललेली होती, प्रत्येक रॅलीला गुण मिळत होता आणि गेम २१ गुणांचा झाला होता. तरीही आनचा खेळ बांगपेक्षा सुसांतीच्या जातकुळीचा आहे, हा इतिहासातील एक गमतीचा उलटफेर म्हणावा लागेल. कोपऱ्याकोपऱ्यातून फूल परतवून समोरच्या खेळाडूला थकवणे हेच तिचे बळ आहे.

२०२३ मध्ये या बळाची फळे एकामागून एक आली. मार्चमध्ये तिने ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात चेनला हरवले आणि बांगनंतर सत्तावीस वर्षांनी ते विजेतेपद कोरियाकडे आले. ऑगस्टच्या आरंभी ती जागतिक क्रमवारीत पहिली झाली आणि त्याच महिन्यात कोपनहेगनला जगज्जेती ठरली. जागतिक स्पर्धेच्या एकेरीत सुवर्ण मिळवणारी ती पहिलीच कोरियन, स्त्री किंवा पुरुष. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कोरियाने आधी सांघिक सुवर्ण चीनकडून हिसकावले आणि मग एकेरीच्या अंतिम सामन्यात आन पुन्हा चेनसमोर उभी राहिली. पहिला गेम संपत आलेला असताना तिच्या उजव्या गुडघ्याला दुखापत झाली, कोर्टवरच उपचार घ्यावे लागले, आणि लंगडत का होईना तिने तो गेम २१–१८ असा पूर्ण केला. दुसरा १७–२१ असा गेला. तिसऱ्या गेममध्ये, नेमक्या त्या टप्प्यावर जेथे बांग चारदा कोसळली होती, एका पायावर भार टाकत खेळणाऱ्या आनने चेनला २१–८ असे निष्प्रभ केले.

त्या विजयाची किंमत गुडघ्याने पुढचे महिनोन्‌महिने मोजली. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये चीनच्या ही बिंगजियाओ हिला २१–१३, २१–१६ असे हरवून आनने ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, आणि त्याच दिवशी, पदक गळ्यात असतानाच, तिने राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थेवर जाहीर टीका केली. तिच्या तक्रारी अनेक होत्या. दुखापत हलक्यात घेतली गेली, हे तिचे म्हणणे होते. साहित्य कोणत्या कंपनीचे वापरायचे हे संघटनाच ठरवत असे, याबद्दल तिची नाराजी होती. आणि राष्ट्रीय संघाबाहेर राहून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायच्या तर महिलांना सत्तावीस व पुरुषांना अठ्ठावीस वर्षांचे होईपर्यंत थांबावे लागे, या तेव्हाच्या नियमालाही तिचा विरोध होता. इतिहासाच्या अभ्यासकाला यांपैकी सर्वांत महत्त्वाची तक्रार मात्र वेगळीच वाटेल. एकेरी आणि दुहेरी हे मुळात भिन्न प्रकार असून त्यांचे प्रशिक्षक आणि सराव वेगवेगळे असायला हवेत, परंतु पदके दुहेरीतून येत असल्याने उपचार आणि सराव यांत प्राधान्य कायम दुहेरीच्या खेळाडूंना मिळत आले, असे तिने सांगितले. १९८० च्या दशकात ज्या निवडीने कोरियाच्या बॅडमिंटनला आकार दिला, तिच्याविषयी चाळीस वर्षांत कोणा खेळाडूने इतक्या उघडपणे बोलण्याचा हा पहिला मोठा प्रसंग होता, आणि ती बोलू शकली याचे कारण तिच्या गळ्यात सुवर्णपदक होते.

क्रीडा मंत्रालयाने संघटनेची चौकशी केली, मुख्य प्रशिक्षक बदलले गेले, आणि जानेवारी २०२५ मधील निवडणुकीत विद्यमान अध्यक्षांचा पराभव होऊन किम डोंग-मून संघटनेच्या अध्यक्षपदी आले. काही महिन्यांत मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची पार्क जू-बोंग यांच्याकडे आली. दोघेही दुहेरीचे सुवर्णपदक विजेते असले, तरी पार्क यांच्याविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी: सुमारे वीस वर्षे जपानचा संघ घडवताना त्यांच्या हाताखाली नोझोमी ओकुहारा आणि अकाने यामागुची या एकेरीतील जगज्जेत्याही तयार झाल्या, त्यामुळे एकट्या खेळाडूची गरज त्यांना अपरिचित नाही. १९९६ मध्ये अटलांटात ज्या स्पर्धेत बांगने एकेरी जिंकली, त्याच स्पर्धेतील मिश्र दुहेरीचा अंतिम सामना दोन कोरियन जोड्यांमध्ये झाला होता. जाळ्याच्या एका बाजूला गिल यंग-आच्या जोडीने तरुण किम डोंग-मून होते, दुसऱ्या बाजूला रा क्यूंग-मिनच्या जोडीने पार्क जू-बोंग, आणि तीन गेमनंतर किम जिंकले. त्या सभागृहात तेव्हा जी एकेरीची विजेती होती, तिच्या वारसदाराचा गुडघा, सराव आणि वेळापत्रक आता या दोघांच्या हाती आहे.